मॅनेजर बघायला आलेली मंडळी

आमच्याकडं घरी आलेल्या माणसाला "काय काम काढलंत?" असं तोंडावर विचारत नाहीत. आधी पाणी, मग चहा, जमलं तर जेवण, आणि मग तो आपणहून बोलेल तेव्हा बोलेल. रीत चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ह्या रीतीनं एकदा माझी अशी शोभा केली, की आजही दारात जीप थांबल्याचा आवाज आला तर मी पदर सावरत आत पळते आणि मग स्वतःवरच चिडते. नातवंडं झाली की गं बाई तुला, अजून पळतीस काय?

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस नावाला पडलेला. औशात टँकर यायचा तो बायकांची भांडणं घेऊनच यायचा. पण लातूरकरांना त्या साली पाण्यापेक्षा वेगळीच काळजी लागलेली. जिल्हा वाटला तसं सगळंच वाटलं गेलं, कचेऱ्यांतली कपाटंसुद्धा. त्यात आडत बाजाराचा कबड्डीचा संघ सापडला. व्यापाऱ्यांनी मिळून तो पोसलेला. पोरं नावाला आडतीवर कामाला, पगार मात्र खेळण्याचा. त्यांचा मॅनेजर उस्मानाबादचा. जिल्हे वेगळे झाल्यावर त्याच्या गावानं आपला संघ काढला आणि हा बॅग उचलून तिकडं गेला. त्या काळी मॅनेजर म्हणजे सगळंच तोच. शिकवणारा तोच, कुणाला खेळवायचं ते ठरवणारा तोच, दम देणारा तोच. त्यात दसऱ्याला सामना ठरला तो नेमका जुन्या जिल्ह्याशी. हरलो तर तोंड कुठं लपवायचं, म्हणून व्यापाऱ्यांनी नवा मॅनेजर शोधायला सुरुवात केली.

निलंग्याचे एक पीटीचे मास्तर सापडले, ते म्हणे मी रविवारचा तेवढा येईन. उदगीरचा एक पैलवान आणून बघितला, त्यानं आठ दिवसांत निम्म्या पोरांना कुस्तीच्या नादाला लावलं. आणखी एक जण बरा होता, पण आधी माझ्या भाच्याला संघात घ्या म्हणाला. मग कुणीतरी आमच्या आप्पांचं नाव घेतलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. औशाच्या बसस्टँडजवळ आमचं किराणा दुकान. तरुणपणी आप्पांनी औशाच्या पोरांचा असा संघ बांधला होता, की सोलापूरपर्यंत लोक नाव घ्यायचे. पुढं पोरं पोटामागं लागून पांगली आणि आप्पा गल्ल्यावर बसले. माणूस गल्ल्यावर, जीव मैदानात. गिऱ्हाईक साखर मागायचं आणि आप्पा रस्त्यानं चाललेल्या एखाद्या पोराकडं बघत म्हणायचे, "त्याची मांडी बग. ह्यो पकडीला उभा केला तर म्हैस अडवंल."

"आधी साखर द्या," माय म्हणायची.

लातूरला बोलावतील अशी आस त्यांनी किती वर्षं धरली होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलून कुणी दाखवत नव्हतं.

माझा मामा लातुरात आडतीवर मुनीम होता. व्यापाऱ्यांनी त्याला सांगितलं, आणि त्यानं एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, "रविवारी लातूरची मोठी माणसं घरी येऊन ऱ्हायलीत. घरंदाज हायेत. सगळं नीटनेटकं ठेवा." कंडक्टरनं एवढं सांगितलं आणि घंटी मारली. कशापायी येतेत, कोण येतेत, काही नाही.

आता तुम्हीच सांगा. घरात लग्नाची पोरगी, आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, आणि मामाचा असा निरोप. दुसरं काय वाटणार? माझी आत्या तर निरोप ऐकल्या ऐकल्या गव्हाचं पीठ चाळायला बसली. आप्पांनी नवं धोतर काढलं. मायनं शेजारून एक घागर उसनी आणली आणि त्या टँकरच्या पाण्यानं माझे केस धुतले. मी नको नको म्हणत होते. "गप बस," ती म्हणाली, "तुझ्या नशिबापरीस पाणी म्हाग न्हाई." त्या घागरीची लाज मला अजून वाटते. शेजारीण दुसऱ्या दिवशी तिच्या लेकराला बिनअंघोळीचं शाळेत धाडत होती.

रविवारी जीप आली. संघाचे अध्यक्ष, ते मोठे आडते. त्यांच्यासोबत एक म्हातारे चिटणीस, आणि दोन तरुण. त्या दोघांतला एक जाडजूड होता, तो कर्णधार. दुसरा काळासावळा, उंच, कोपराला पट्टी बांधलेला, कपाळावर आमच्यासारखंच भस्म. सगळे म्हणजे आमच्यातलेच दिसत होते. आणि हातात काय? नारळ, टॉवेल-टोपी आणि मायसाठी खणाचं कापड. मोठ्या माणसाला मॅनेजर व्हा म्हणायला जायचं तर मोकळ्या हातानं कसं जावं, म्हणून त्यांनी आणलेलं. आत आत्यानं माझ्या कमरेत चिमटा काढला, "टोपी आनली की गं! पक्कंच समज."

कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पाऊस कसा नाही, ज्वारी कशी नाही, जिल्हा झाला पण टँकर तेवढाच, असं सगळं बोलून झालं. मी दाराच्या फटीतून बघत होते. धाकट्या भावानं तांब्या पुढं केला तेव्हा त्या सावळ्या माणसानं पेला निम्म्यावर धरला आणि म्हणाला, "बस. लई हाय एवढं. दुष्काळाचं पाणी, वाया नको."

एवढंच.  आधी जे दोघं बघून गेले, त्यांतला एक माझ्या चपलेकडं बघत होता आणि दुसरा घराच्या आढ्याकडं. ह्यानं आमची घागर बघितली. मी मनात म्हणाले, हा असेल तर हो. माझ्या बापाला न विचारता, त्याचं नावगाव न ऐकता, मी हो म्हणून मोकळी झाले. आणि खुशाल आरशात बघून आले.

मग मला बाहेर नेलं. पोह्यांचं ताट हातात, पदर डोक्यावरून, नजर खाली. अध्यक्षांच्या पाया पडले, पाटावर बसले. अध्यक्ष जरा गोंधळले, पण भला माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "कितवी शिकलीस, बाई?"

"दहावी पास."

"वा, वा."

मला वाटलं गाडी बरी चालली आहे. मी हळूच नजर उचलून त्या दुसऱ्या तरुणाकडं बघितलं सुद्धा! तो पोहे खाता खाता थांबला होता. आणि मग आप्पांनी घसा खाकरला आणि हात जोडून म्हणाले, "शेठ, दुष्काळ हाय, तुम्ही बगताव. जमंल तेवढं करू आम्ही, कमी पडू देणार न्हाई. पर लग्न मात्र पाऊस पडल्यावरच धरू. आणि ह्या दोघांतला नवरदेव कोणता, ते तरी सांगा."

 कर्णधाराच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं, ते त्यानं खोकला करून दाबलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "आप्पा, आमचं चुकलं. आधीच बोलायला पायजे होतं. आम्ही मुलगी बघायला न्हाई आलो हो. तुम्हाला न्यायला आलोत. संघाला मॅनेजर पायजे."

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, धरणी तर आमची जागोजागी भेगाळलेली होती, पण कुठं घेतलं? मी तशीच पाटावर. उठावं तरी पंचाईत, बसावं तरी पंचाईत. शेवटी मायनं दंडाला धरून आत नेलं. जाताना माझा पदर पाटाच्या खिळ्यात अडकला आणि तो सोडवायला त्या सावळ्यालाच वाकावं लागलं. 

बाहेर आप्पा म्हणत होते, "न्हाई शेठ. मला जमायचं न्हाई." जी टोपी घालायला त्यांनी अर्धा जन्म वाट बघितली, ती त्यांनी हातानं परत सरकवली. मंडळी जेवलीही नाहीत, तशीच गेली.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "एवढं काय मनावर घेता? पोरगा आपल्यातलाच दिसला, बिनलग्नाचा असंल. सरळ विचारून टाका."

आप्पा असे ओरडले की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. "लोक काय म्हणतील, म्हायती हाय? पोरगी दिली आणि मॅनेजरकी घेतली! आणि न्हाई म्हणाला तर? ज्या पोरांपुढं माझी लेक दाखवायला बसली, त्यांना मी मैदानात दम कुठल्या तोंडानं देऊ?"

त्यानंतर आप्पा रस्त्यानं जाणाऱ्या पोरांच्या पायांकडं बघेनासे झाले. साखर मागितली की साखर द्यायचे. माय म्हणायची तेच झालं, आणि मायच डोळे पुसायची. मला घरातले समजावत होते, "आगं, गैरसमज झाला, त्यात तुझी काय लाज?" त्यांना वाटायचं, उगाच दाखवायला बसले म्हणून मी तोंड लपवते. ते तर होतंच. पण खरी लाज वेगळीच होती, ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती. बापाचं सगळं आयुष्य दारात येऊन परत गेलं होतं, आणि माझ्या डोक्यात तो निम्मा पेला होता. अशी कशी गं मी निर्लज्ज, असं मी चुलीशी बसून स्वतःलाच विचारायचे.

आषाढात मामा आला. चांगला तास-दीड तास त्यानं आप्पांच्या शिव्या खाल्ल्या, मग म्हणाला, "भावजी, दुसरा माणूस घावना. दसरा जवळ आलाय. शेठ म्हणतेत, अट घाला, पर या."

आप्पा मांडी सावरून ताठ बसले. मग म्हणाले, "एक अट हाय. राखी पुनवंला सगळा संघ माझ्या घरी यावा. माझी लेक सगळ्यांना राखी बांधंल. मग ती त्यांची बहीण, आणि मी त्यांचा वस्ताद. मग कुणाच्या बापाची हिंमत न्हाई हसायची."

मामानं मांडीवर थाप मारली, "याला म्हणतेत डोकं!" आत्यालासुद्धा पटलं. माझी लाज धुऊन निघणार म्हणून सगळे खूश.

माय तेवढी आत आली. माझ्याकडं नीट बघितलं तिनं. "तुला चालंल न्हवं?"

मी नाही म्हणाले असते, तर का नाही ते सांगावं लागलं असतं. आणि ओसरीवर आप्पा तेव्हाच मामाला विचारत होते, चढाईला कोण कोण हाय, पकडीला कोण हाय, उजव्या कोपऱ्यात कोण उभा ऱ्हातो. किती दिवसांनी तो आवाज ऐकला होता.

"हाव," मी म्हणाले. "न चालायला काय झालं?"

पुनवेला सगळे आले. श्रावण निम्मा सरला तरी आमच्याकडं नुसतं झाकोळून यायचं, पडायचं नाही. ओसरीवर ओळीनं बसले, मी ओवाळत गेले. कर्णधार पहिला. त्यानं माझ्या पाया पडून म्हटलं, "त्या दिवशी हसलो, माफ कर ताई." मला हसूच आलं, त्याला म्हणाले, बहिणीला हसायचा भावाला हक्कच असतो. खरंच हलकं वाटलं. एकेकाला बांधत पुढं सरकत होते आणि आप्पा प्रत्येकाच्या मनगटाकडं बघत होते. मनगट बघत होते की पकड बघत होते, देव जाणे.

तो शेवटी बसला होता. कोपराची पट्टी सुटलेली, जखम भरलेली. त्यानं हात पुढं केला, पण तोंड दुसरीकडं, अंगणातल्या रिकाम्या रांजणाकडं. मी दोरा गुंडाळला. गाठ मारायला गेले, तर मेली ती बसेचना. पहिली सुटली. दुसरी सुटली. आत्या म्हणाली, "आगं, जेवायचं हाय पोरांना." आप्पा माझ्याकडं बघायला लागले, आणि मला वाटलं, आता कळणार ह्यांना, आता सगळंच मोडणार. तेव्हा त्यानं दुसऱ्या हातानं दोऱ्याचं एक टोक धरलं, मी दुसरं धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती गाठ मारली.

पोरांनी परत आणलेली ती टोपी आप्पांनी डोक्यावर चढवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पाणी आणायला उठले, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "निम्माच भर, ताई."

मी आत गेले, घागर कलती केली आणि पेला काठोकाठ भरून आणला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग एक थेंब न ठेवता सगळं पाणी प्याला.