तळघरात भरलेली काडतुसं

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या त्या घरात मी भाडेकरू म्हणून राहायला गेले त्याला वर्ष होत आलं होतं. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी स्टुटगार्टच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते. वरच्या मजल्यावरची माझी खोली एका वयस्क जोडप्याच्या घरात होती. घरमालक रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर, बोलणं अगदी मोजकं. गावामागच्या जंगलात शिकार करायचा त्यांच्याकडे रीतसर परवाना होता आणि शरद ऋतूत आठवड्यातून एकदा तरी ते रायफल घेऊन जात. मी ज्या घरात वाढले तिथे अंडंसुद्धा येत नसे, त्यामुळे त्या दिवशी मी खाली जायचं टाळत असे.

ऑक्टोबरात एका दुपारी ते परतले आणि चिखलाचे बूट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिले. जेवले नाहीत. काय झालं ते मला त्यांच्या बायकोकडून कळलं. आदल्या दिवशी त्यांनी एका ‘रे’वर, म्हणजे तिकडच्या शेळीएवढ्या हरणावर गोळी झाडली होती. ती पोटात लागली आणि मादी झाडीत पळाली. अंधार पडेपर्यंत शोधूनही सापडली नाही. सकाळी वनरक्षक आपला कुत्रा घेऊन आला, तेव्हा ती ओढ्याकाठी पडलेली सापडली. अजून जिवंत होती.

“रात्रभर,” बाई म्हणाल्या.

आठवड्याभराने घरमालकांनी माझ्या दारावर टकटक केली. वर्षभरात ते पहिल्यांदाच वर आले होते. उभ्यानेच त्यांनी सांगितलं, की विकतची काडतुसं त्यांच्या जुन्या रायफलीला नीट बसत नाहीत, गोळी कधी इकडे तर कधी तिकडे जाते. काडतुसं घरी भरायची परवानगी त्यांच्याकडे होती. साधनंही होती, पण तराजूचा काटा आता डोळ्यांना दिसत नव्हता. मी दिवसभर इन्स्टिट्यूटमध्ये वजनंच करते, हे त्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, “आमच्या घरी जनावर मारत नाहीत. तुम्ही हे मला का विचारता?”

“म्हणूनच विचारतो, फ्रॉयलाइन,” ते म्हणाले. “गोळी झाडायची असेल, तर जनावराला कळायच्या आत ते संपलं पाहिजे. मला एवढंच हवंय. तुम्ही निष्काळजीपणा करणार नाही.”

मी दोन दिवस विचार केला. घरी पत्रात हे लिहिता आलं नसतं. शेवटी ओढ्याकाठची ती रात्र माझ्याने विसरवेना, आणि मी हो म्हटलं. जंगलात मात्र येणार नाही, असं बजावलं.

मग हिवाळाभर आमचे शनिवार तळघरात गेले. बटाट्यांच्या पेट्यांशेजारी त्यांचं कामाचं टेबल होतं. वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ते पुसून, तपासून माझ्यापुढे ठेवत. बुडाची, ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायचं काम त्यांचं. बंदुकीची दारू तोलायचं माझं. ती काळसर, बारीक तुकड्यांची असे. चिमट्याने एखादा तुकडा टाकला किंवा उचलला की काटा स्थिरावे. मग ते हाताच्या दाबयंत्राने वर गोळी बसवत. आम्ही काम करत असेपर्यंत ठिणगीच्या भीतीने बाई चुलीत कोळसासुद्धा घालत नसत. अंगात कोट घालून, स्वयंपाकघरात विणत बसत.

तीन-तीन काडतुसांचा एकेक गट आम्ही करायचो. दर गटात दारू थोडी वेगळी, किंवा गोळी किंचित आत-बाहेर. प्रत्येकावर मी शाईचे ठिपके देत असे आणि वहीत नोंद करत असे. पुढच्या शनिवारी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जाऊन ती झाडायची. ते टेकण देऊन बसत, मी शेजारी दुर्बिणीला डोळा लावून शंभर मीटरवरच्या कागदातली छिद्रं पाहत असे. तीन छिद्रं एकमेकांना लागून यावीत, एवढीच अपेक्षा.

ती आली नाहीत. कधी दोन जवळ पडत आणि तिसरं तळहातभर लांब. ज्या गटाने एका शनिवारी बरी आशा दाखवली, तोच पुढच्या शनिवारी विस्कटे. मी तराजू तपासला, इन्स्टिट्यूटमधली वजनं आणून ताडून पाहिला. पुंगळ्यांची लांबी मोजली. ते प्रत्येक वेळी कागद घडी करून खिशात ठेवत आणि म्हणत, “बरं तर, पुढच्या शनिवारी.” माझी स्वतःच्या हातावरची खात्री डळमळायला लागली होती.

मार्चमध्ये एकदा तो वनरक्षक मैदानावर आला. पस्तिशीचा, शांत माणूस. घरमालकांचा खांदा दुखत होता, म्हणून त्यांनी त्याला एका गटातली तीन काडतुसं झाडायला सांगितली. मी दुर्बिणीतून पाहिलं आणि दुर्बीण घरमालकांकडे सरकवली. तीन छिद्रांचं मिळून एक झालं होतं. “योगायोग,” घरमालक म्हणाले. दुसऱ्या गटातली तीन दिली. तीही तशीच. मग त्यांनी रायफल स्वतः घेतली.

त्या वेळी पहिल्यांदाच मी कागदाकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. घोडा ओढायच्या किंचित आधी त्यांचे दोन्ही डोळे घट्ट मिटले. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही. वनरक्षकाने मला पाहताना पाहिलं, आणि मान वळवली.

संध्याकाळी मी बाईंना विचारलं. त्या बटाटे सोलत होत्या. ते युद्धकैदेतून परतले तेव्हापासून हे असंच आहे, असं त्यांनी सांगितलं. दार आपटलं तरी डोळे मिटतात. त्यांना स्वतःला ते कळत नाही.

“मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “पण मी सांगितलं, तर ते माझं मानणार नाहीत. तुम्ही सांगा. तुम्ही मोजून सांगता.”

मला ते मोजून सांगणं फार जड गेलं. तळघरात, टेबलाशी, वही उघडी ठेवून मी सांगितलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

“प्रत्येक वेळी?”

“मी पाहिलं त्या प्रत्येक वेळी.”

बराच वेळ ते एक पुंगळी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, पुढच्या शनिवारी पाच काडतुसं द्या. त्यातल्या एकात दारूही नको आणि टोपीही नको. कुठलं ते मला सांगू नका.

मी तसं केलं. वनरक्षकालाही बोलावलं होतं. काडतुसं त्याने एकेक करून रायफलीत घातली. पहिली दोन उडाली. तिसऱ्याला फक्त ‘टक्’ झालं. बार नाही, धक्का नाही, आणि तरीही नळी झटक्याने खाली गेली, खांदा पुढे आला. ते आम्ही दोघांनी पाहिलं, आणि त्यांनीही पाहिलं, कारण डोळे उघडल्यावर नळी जमिनीकडे होती. ते तसेच बसून राहिले.

“म्हणजे ते काडतुसामुळे नव्हतं,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “ती रात्र माझ्यामुळे.”

उरलेली दोन त्यांनी झाडली नाहीत. रायफल उघडून रिकामी केली आणि वनरक्षकाच्या हातात दिली.

त्या वर्षी त्यांनी परवान्याचं नूतनीकरण केलं नाही. कागदोपत्री सगळं रीतसर करून रायफल वनरक्षकाच्या नावावर झाली, भरून उरलेली काडतुसंही त्याच्याकडे गेली, आणि सगळ्यात चांगल्या गटाची नोंद मी वहीतून उतरवून त्याला दिली. मला वाटलं होतं, ते खचतील. पहिले काही आठवडे खचलेही. बागेत जात आणि काही न करता परत येत. मग उन्हाळ्यात ते वनरक्षकाबरोबर हिंडू लागले. मोटारीने धडकलेलं किंवा कुणाच्या गोळीने जखमी झालेलं जनावर शोधायचं असलं, की तो त्यांना हाक मारी. माग काढण्यात त्यांची नजर अजून पक्की होती. जवळचा काटा दिसत नसला, तरी दूरचं मोडलेलं गवत त्यांना दिसे.

पुढच्या शरदात एका दुपारी वनरक्षक घरी आला. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आज सकाळी एक ‘रे’ मारलं, असं त्याने सांगितलं.

घरमालकांनी चमचा खाली ठेवला. “किती पळालं?”

“जागेवरच पडलं,” तो म्हणाला. “पळालंच नाही.”

त्यांनी मान हलवली. बाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला. मग वनरक्षकासाठी खुर्ची ओढली, त्याला सूप वाढलं. मी माझा पाव आणि बटाटे खात राहिले. त्या काडतुसातली दारू माझ्या हातची होती का, हे मी विचारलं नाही. वनरक्षकानेही आपणहून सांगितलं नाही. जनावर तडफडलं नाही, याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. ती दोन्ही माझ्यात अजून आहेत.