पालम ते सांताक्रूझ

आमच्या गिरगावच्या चाळीत विमानअण्णांना 'कसे आहात' विचारलं तर उत्तर मिळत नसे. 'मद्रास किती लांब' विचारलं की लगेच मिळे. "सहाशे चाळीस मैल. साडेतीन तास."

अण्णा फोर्टातल्या एका विमान कचेरीत तिकिटं लिहीत. स्वतः विमानात कधी बसले नव्हते, पण बोलत ते दहा हजार फुटांवरून. खालच्या मजल्यावरचे तात्या एकदा त्यांना डिवचायला म्हणाले, "गिरगाव ते वरळी किती हो?" अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, "आमचं अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत. पुढचं व्हिक्टोरियावाल्याला विचारा."

मुंबईसह महाराष्ट्रासाठी अख्ख्या चाळीचा घसा बसलेला असायचा. अण्णांचा तेवढा शाबूत. "राज्य कुणाचंही होवो, दिल्ली सातशे दहा मैलच राहणार," असं म्हणून ते कचेरीला निघायचे. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. मला त्यांचा राग यायचा आणि हसूही यायचं.

अशात काकूंनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलावून घ्या. मुलगी सुशी लग्न होऊन दिल्लीला होती. अण्णांनी तार केली, घरच्या माणसाचं तिकीट आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं आणि काकूंना सांगितलं, "पालमहून बाराला सुटेल. चारला सांताक्रूझ. सहाला तुझ्या उशाशी."

"नक्की ना?"

"अगं, विमान आहे. मालवणची बोट नव्हे!"

सुशी यायची त्याच दिवशी तीन वाजता नाक्यावर गोळीबार झाला. दुकानांच्या फळ्या धडाधड पडल्या, संचारबंदी पुकारली गेली. अश्रुधूर गॅलरीपर्यंत चढला. मी ओला पंचा तोंडाला लावून अण्णांच्या खोलीत शिरलो, तर ते हातातल्या घड्याळाकडे बघत काकूंना सांगत होते, "चार. उतरली."

"आली का?" काकूंनी विचारलं.

"पाच. माहीमला असेल."

रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी त्यांचा खांदा धरला. "अण्णा, गाड्या बंद आहेत हो! कशी येणार ती?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "साडेपाच. लालबाग."

काकू दाराकडे बघत होत्या. साडेसहानंतरही त्या दाराकडेच बघत राहिल्या. काकूंचे डोळे मी मिटले, कारण अण्णा अजून घड्याळच बघत होते.

सकाळी संचारबंदी दोन तास उठली तेव्हा सुशी आली. दादरच्या पुढे पोलिसांनी टॅक्सी सोडली नाही, म्हणून तिने रात्र एका अनोळखी बिऱ्हाडात काढली होती आणि तिथून चालत आली होती. टाचांना फोड आले होते. दाराबाहेर उभी माणसं बघून तिला कळलं.

अण्णा उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हे कोसळणार. त्यांनी विचारलं,

"विमान वेळेवर उतरलं ना?"

सुशीने त्यांचा हात हातात घेतला. मग एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली,

"हो, अण्णा. पाच मिनिटं आधीच."