दुमिंकाची पुडी

दुमिंका सशाच्या पोटाला कान लावायची. उपडं खोकं ओढून त्यावर बसायची, ससा मांडीवर घ्यायची, त्याचे मागचे पाय काखेत धरायची आणि डोळे मिटून ऐकत राहायची. ससा ज्याचा असेल तो समोर टोपी हातात घेऊन उभा. मग ती म्हणायची, "गिरणी चालू आहे," नाहीतर म्हणायची, "गिरणी बंद पडलीय." गिरणी बंद म्हटलं की माणसाचं तोंड उतरायचं. सशाला ओकता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. ते थांबलं की ससा एका दिवसाचा सोबती.

मी नेनू. चुनखडीच्या खाणीत दगड कापायचो. दुमिंकाच्या गल्लीत तिच्यापासून तिसऱ्या दारात राहायचो आणि अजून तिथेच राहतो. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. जवळच्या रबात गावात एका औषधांच्या दुकानात झाडलोट करायची, आणि फडकं मारता मारता बाटल्यांवरची लेबलं वाचायची. गावात सगळे तिला झिया म्हणायचे, मावशी म्हणावं तसं. पण ते तोंडावर. पाठीमागे तिचं नाव लेंडीवाली.

आमच्या बेटावर टोपणनाव एकदा पडलं की ते थडग्यापर्यंत सोबत येतं. तिला ते पडलं त्याचं कारण असं. ससा दोनदा जेवतो. एक लेंडी कोरडी, ती तो टाकून देतो. दुसरी मऊ, चकचकीत, लहान द्राक्षांच्या घोसासारखी. ती तो खाली वाकून थेट तोंडात घेतो, कारण त्याच्या पचनाचा सगळा जीव तिच्यात असतो. दुमिंका एखाद्या धडधाकट नराच्या गळ्यात सकाळी पुठ्ठ्याची चकती अडकवायची, म्हणजे त्याला वाकता येऊ नये. ते घोस गोळा करायची, कॅरोबच्या शेंगांच्या पाकात कालवायची आणि आजारी सशाच्या तोंडात पिचकारीनं सोडायची. बरेच ससे वाचायचे. वाचलेल्या सशांचे मालक मग गावच्या बँड क्लबात वाइन पीत बसून तिची नक्कल करायचे.

"लाज नाही वाटत, झिया?" असं मीच तिला एकदा विचारलं होतं.

"लाज कसली? तुझ्या पोटात काय अत्तर भरलंय?" ती म्हणाली. "पाववाला कालच्या कणकेचा गोळा आजच्या कणकेत टाकतो की नाही? तसंच हे. आत कामगार असतात, नेनू. डोळ्यांना दिसत नाहीत एवढे लहान. ते मेले की गिरणी बंद. मग दुसऱ्याचे कामगार उसने आणायचे."

तिची बहीण सिसिलीत दिली होती. तिच्या नवऱ्याच्या सशांच्या मोठ्या शेड होत्या. एका वसंतात बहीण बोटीनं आली ती एक निळा डबा घेऊन. त्यात पांढुरकी पूड. तेच कामगार, पण वाळवून झोपवलेले. पाण्यात घातले की जागे होतात. दुमिंकाला एवढा आनंद झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता. "आता कुणी नाक मुरडणार नाही," ती म्हणाली, "आता डब्यातून आलंय." चर्चच्या जुन्या कॅलेंडरची पानं फाडून ती पुड्या बांधायची. आईपासून तोडलेल्या पिल्लांना पाचव्या-सहाव्या आठवड्यात द्यायच्या, कारण पिल्लं पोट फुगून मरतात ती तेव्हाच. "वाचतीलच असं नाही," प्रत्येकाला सांगायची, "पण कमी मरतील." आणि खरंच कमी मेली. ती पैसे घ्यायची नाही. कुणी कांदे ठेवायचं, कुणी चीजच्या चकत्या. पण लोक तिच्या दारात यायला लागले होते, समोरून, दिवसाउजेडी. बायका आत बसून कॉफी प्यायच्या. 'लेंडीवाली' हा शब्द जवळजवळ ऐकू येईनासा झाला होता.

तिच्याकडे एवढंच होतं, आणि ते मी घालवलं.

त्या वर्षी मी सदतीस वर्षांचा होतो. जूनच्या अखेरीला इम्नार्याचा सण, आणि सणाला बुस्केतच्या बागेत जनावरांचं प्रदर्शन. मी सहा ससे तयार केले होते. त्यातली एक राखाडी मादी अशी होती की गच्चीवर येणारा प्रत्येक जण आधी तिच्यापाशी थांबायचा. पहिल्या नंबरची फीत मिळणार हे मी मनात धरून चाललो होतो, आणि क्लबात तसं बोलूनही बसलो होतो. आठ दिवस राहिले असताना दोघांची नाकं गळायला लागली. परीक्षक आधी नाकच बघतात.

घरात जुदित्ताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, घशाच्या दुखण्याच्या कॅप्सूल उरल्या होत्या. पेनिसिलीनच्या जातीच्या. त्या फोडून मी कोंड्यात मिसळल्या. आजारी दोघांनाच नाही, सहाही जणांना, सर्दी पसरू नये म्हणून. रोज दोन, चार दिवस. आठ कॅप्सूल. दुमिंकानं कितीदा तरी सांगितलं होतं, माणसाच्या घशाचं औषध सशाच्या तोंडात घालू नका, आतले सगळे कामगार मरतात. मला वाटायचं, झाडलोटीच्या बाईला काय कळतंय.

पाचव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यांखाली लेंड्यांचं पाणी झालेलं. नाकं कोरडी होती. मी तिला बोलवायला गेलो.

ती तशीच ॲप्रनवर आली. राखाडी मादीला मांडीवर घेतलं, कान लावला. बराच वेळ लावला. मग दुसऱ्या बाजूनं लावला.

"काय घातलंस?"

"वाळलेला सुल्याचा चारा. कोंडा."

"नवीन काही?"

"काही नाही, झिया."

"नीट आठव. मी रागावणार नाही."

"अगं, नाही म्हटलं ना! दुसरं काय घालणार?"

तिनं घरून पुड्या आणल्या. पाण्यात कालवून सहाही जणांना पिचकारीनं पाजल्या. त्या दिवशी ती कामाला गेलीच नाही. माझ्या गच्चीवर, उन्हात, चादरीचा आडोसा करून दिवसभर बसली. पोटं चोळत होती, दर तासाला दोन-दोन थेंब देत होती. मी खाणीत गेलो. तिथे एकटा असताना मला सगळं कळत होतं, हे मी लपवत नाही. संध्याकाळपर्यंत चार गेले. सकाळी उरलेले दोन.

क्लबात झारेन, आमचा बारवाला, ग्लास पुसत म्हणाला, "काय रे, बुस्केतचा राजा, ससे तयार का?"

"मेले," मी म्हणालो.

 जम्मारी खाटीक माझ्याकडे वळून म्हणाला, "सहाच्या सहा? एकदम? काय खाल्लं होतं?"

तेव्हा मी म्हणालो, "काय माहीत. दुमिंकानं येऊन पुडी पाजली. सकाळपर्यंत सगळे गेले."

खोटा शब्द त्यात एकही नव्हता. मी दोन खऱ्या गोष्टी एकीला एक लावून ठेवल्या, आणि गप्प बसलो. बाकीचं जम्मारीनं केलं. "मी म्हणत होतोच! सिसिलीतून येतंय म्हणजे काय असणार? बिनलग्नाच्या बाईच्या हातून पिल्लांना औषध!" लोक हसले. मला एक ग्लास वाइन मिळाली, माझं वाईट झालं म्हणून. ती मी प्यायलो.

दोन दिवसांत पुड्या तिच्या उंबऱ्यावर परत यायला लागल्या. हातात नाही, उंबऱ्यावर. ज्या बायका आत कॉफी प्यायच्या त्याच ठेवून जायच्या. कुणीतरी तिच्या दारावर कोळशानं कवटी काढली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात आली. हातात टोपली, टोपलीत तिची स्वतःची जोडी. तांबूस नर आणि तशीच मादी.

"नेनू, माझ्या हातून तुझं नुकसान झालं," ती म्हणाली. "कसं झालं ते कळत नाही, पण झालं. ही घे. उद्या ने त्यांना."

आतल्या दारात जुदित्ता उभी होती. तिला कॅप्सूलचं माहीत होतं, रिकामी डबी तिनंच पाहिली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी टोपली घेतली. "एवढं कशाला, झिया," असंही म्हणालो.

त्या जोडीला फीत मिळाली. क्लबात माझ्या नावानं टाळ्या झाल्या. जुदित्तानं त्या रात्री सणाच्या रिवाजाप्रमाणे लसूण घालून सशाचा रस्सा केला, मला वाढला, आणि स्वतः पाव खाऊन उठली. स्वतः मरेपर्यंत तिनं पुन्हा ससा खाल्ला नाही. कारण कुणी विचारलं तर म्हणायची, "नेनूला विचारा."

सप्टेंबरात दुमिंका पुन्हा आली. या वेळी दारातच उभी राहिली.

"परत आलेल्या पुड्यांतली दुप्पट पूड मी माझ्या सगळ्या सशांना दिली," ती म्हणाली. "तीन आठवडे. एकाचं पोट बिघडलं नाही. मग तुझ्याकडे काय झालं?"

"ऊन होतं ना, झिया. कोण सांगणार?"

"ऊन तर माझ्याकडेही होतं."

मी खांदे उडवले. ती "बरं" म्हणून गेली. त्यानंतर तिनं कुणाच्या सशाला कान लावला नाही. कुणी बोलावलंही नाही. हळूहळू स्वतःचे ससे विकले, खुराड्यांत कोंबड्या ठेवल्या. रस्त्यात भेटली की मला आधी तीच "कसा आहेस" विचारायची. मी गल्लीच्या दुसऱ्या टोकानं घरी यायला शिकलो. तिला पाय ओढत बाजारात जाताना बघायचो आणि खिडकीची फळी लावून घ्यायचो. अशी पस्तीस वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात क्लबात जनावरांची एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती, सशांबद्दल सांगायला. तिच्याकडे पूड होती, तशीच पांढुरकी, छान पाकिटात. सगळ्यांनी घेतली. ती म्हणाली, पेनिसिलीनसारखं औषध सशाला तोंडातून कधी देऊ नका, आतडं मरतं, चार-पाच दिवसांत ससा जातो. जम्मारी आता नव्वदीचा आहे, पण आवाज तसाच. तो म्हणाला, "बाई, पुडीवर आमचा विश्वास नाही हो. एका बाईनं या नेनूचे सहा ससे पुडीनं मारले होते!"

"पुडीनं?" बाई माझ्याकडे वळली. "तसं होणार नाही. दुसरं काही दिलं होतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "जुनी गोष्ट आहे. आठवत नाही."

त्या रविवारी मी नन्सच्या वृद्धाश्रमात गेलो. दुमिंका आता तिथेच असते; खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. दृष्टी गेल्यात जमा, कान शाबूत. मी स्टूल ओढून बसलो आणि मध्ये न थांबता सगळं सांगितलं. वाटलं होतं ती रडेल, किंवा मला हाकलून देईल.

ती म्हणाली, "रोज किती?"

"दोन."

"सहा सशांत?"

"हो."

"किती दिवस?"

"चार."

ती ओठ हलवत हिशेब करत राहिली. "बरोबर," ती म्हणाली. "बरोबर बसतं. पाचव्या दिवशी सुटलं." आणि मग चेहरा असा मोकळा झाला की मला खाली बघावं लागलं. "म्हणजे पूड चांगली होती."

"चांगली होती, झिया."

"तुझे ससे गेले त्याच आठवड्यात मी डबा गटारात ओतला होता, नेनू. बहिणीला पत्र लिहिलं की तुझ्या नवऱ्यानं मला विष दिलं. ती मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही." मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी तर मारले नव्हते. जा, क्लबात सांग."

मी गेलो. टीव्हीवर फुटबॉल होता. मी उभा राहून सांगितलं, पण माझा आवाज बसका आहे. जम्मारी म्हणाला, "काय म्हणतोयस? कुठले ससे?" झारेनचा नातू आता बार सांभाळतो. तो म्हणाला, "जाऊ द्या हो नेनूकाका, इतक्या वर्षांनी कशाला त्या विषारी म्हातारीचं घेऊन बसलात." हे तर तिचं नवं नाव, आणि मला ते माहीतही नव्हतं. लोक तिच्या दारात जायचे थांबले, त्यानंतर आठ वर्षांनी जन्मलेला हा मुलगा. 

परत येऊन तिला खरं ते सांगितलं, की कुणी ऐकलं नाही.

"मग लिही," ती म्हणाली. "सणाच्या पुस्तकात दरवर्षी काही ना काही छापतातच. ते घरोघरी जातं. छापायच्या आधी मला वाचून दाखव."

तीन रविवार मी वाचून दाखवलं. तिनं सुधारलं. मी 'एखाद-दोन कॅप्सूल' लिहिलं होतं. तिनं आठ लिहायला लावलं. 'मी तेव्हा तरुण होतो' असं होतं. "सदतीस," ती म्हणाली. टोपलीचा प्रसंग मी गाळला होता, तो तिला आठवत होता. तिच्याबद्दल चांगलं लिहिलेला एक लांब परिच्छेद तिनं काढायला लावला, कारण "तो वाचून लोक पुढचं वाचणार नाहीत."

शेवटी मी लिहिलं होतं की तिनं मला माफ केलं आहे. ती म्हणाली, "असं मी कधी म्हटलं?"

म्हटलं नव्हतं. ते वाक्य खोडलं आहे.