उजव्या बाजूचा धूर

४ मार्च १९९३, गुरुवार. सकाळी संकगिरीला गेले. लॉरीची बॉडी पुरी झाली, रंग बाकी. धुराचा पाइप कोणत्या बाजूने काढू असे आसारीने विचारले. सांगितले. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही. दुपारी ताकभात. पलीकडच्या भट्टीच्या काजळीने दोन पातळे पुन्हा धुवावी लागली.

एवढं लिहून तिलकवतीनं वही मिटली. येरकाडच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मुलींना दोन गोष्टी लावल्या होत्या. निजण्याआधी दिवसाचं लिहायचं, आणि लिहिताना राग लिहायचा नाही, घडलं ते लिहायचं. पहिली सवय तिनं लग्नानंतर, बाळंतपणात, नवऱ्याच्या तेराव्यालासुद्धा सोडली नाही. दुसरीही पाळली होती. म्हणूनच ‘सांगितले’ ह्या एका शब्दामागे सकाळी काय काय झालं, ते वहीला कळायचं काही कारण नव्हतं.

सकाळी बॉडी बांधणारा सुतार तंगवेल आसारी लॉरीखालून सरपटत बाहेर आला होता. हातातला वळवलेला पाइप त्यानं जमिनीवर आडवा टाकला.

“अम्मा, हा कुठं काढू? डावीकडे काढता येत नाही, आरटीओवाला पास करणार नाही. मागं काढला तर लांब पडतो, खड्ड्यात आपटून तुटतो. केबिनच्या मागून सरळ वर काढतो. धूर आभाळात जाईल, कुणाच्या डोळ्यात नाही.”

“उजवीकडे काढ,” तिलकवती म्हणाली.

तिचा ड्रायव्हर मादय्यन टायरवर बसून चहा पीत होता. त्यानं पेला खाली ठेवला. “अम्मा, आपली लॉरी बोळात तोंड रस्त्याकडे करून उभी राहते. उजवीकडे मोठ्या गौंडरांची भिंत. भिंतीपलीकडे साबुदाणा वाळत असतो.”

“मला माझा बोळ ठाऊक आहे.”

“सकाळी ब्रेकची हवा भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागतं. सगळी काजळी त्यांच्या वाळवणावर.”

“पडू दे. त्यांच्या भट्टीची काजळी तीन वर्षं माझ्या दोरीवर पडते, तेव्हा तू कधी बोलला नाहीस.”

मादय्यननं पेला पुन्हा उचलला. आसारी पाइपकडे बघत राहिला. “वर काढलेला दिसायलाही बरा दिसतो,” तो हळूच म्हणाला. तिलकवतीनं छत्री उघडली आणि बसस्टँडची वाट धरली.

मोठे गौंडर म्हणजे तिचे थोरले दीर सेंगोडन. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा सेंगोडनच्या वाट्याला साबुदाण्याचा कारखाना आणि वाळवणाचं अंगण आलं. धाकट्या अर्धनारीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, घर आणि लॉरी मिळाली. मधल्या बोळावर दोघंही अडून बसले. शेवटी गावच्या पंचांनी पिंपळाखाली तोंडी निवाडा दिला. लॉरी रात्री बोळात उभी राहते तोवर बोळ धाकट्याचा. ज्या रात्री ती दुसरीकडे उभी राहील, त्या दिवसापासून तो कारखान्याचा. लॉरी फेरीवर गेली तर चालेल, गावात असून बाहेर राहिली तर नाही. बॉडी बांधायला द्यायची असेल तर पंचांची परवानगी घ्यायची, आणि तीही चासी, म्हणजे लॉरीचा सांगाडा, बदलेतो एकदाच. हे शेवटचं कलम सेंगोडननं घालून घेतलं होतं.

अर्धनारी गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई लॉरी विकणार. दिरांनी तर बोळात भट्टीचं सरपण रचायची जागाही मनात नक्की केली होती. तिलकवतीनं लॉरी विकली नाही. पांढरं पातळ नेसून ती लोडिंगच्या ऑफिसात बाकावर जाऊन बसायला लागली. दलाल आधी हसले, मग तिला टाळायला लागले, आणि शेवटी तिचा माल आधी लावून तिला घरी पाठवायला शिकले. सेंगोडननं आपला साबुदाणा तिच्या लॉरीत भरणं त्याच वर्षी बंद केलं. पुढच्या वर्षी त्यानं भट्टी हलवली आणि तिचं धुराडं बरोबर तिच्या परसाकडे आणलं.

दीर-भावजय एकमेकांशी बोलत नसत. त्या घराण्यात थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. पण हे दोघं न बोलता इतकं बोलत, की गल्ली चहाचे पेले घेऊन ऐकायला थांबे. सेंगोडन बायकोला, पावायीला, उद्देशून बोले, तिलकवती कोंबड्यांना.

भट्टीच्या धुराबद्दल तिनं पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा तो पलीकडून मोठ्यानं म्हणाला होता, “पावायी, धूर कुठं जायचा ते वारा ठरवतो म्हणावं. वाऱ्याला कॉन्व्हेंटातलं इंग्लिश कळत असेल तर अर्ज कर म्हणावं.”

ते वाक्य तिनं तीन वर्षं सांभाळून ठेवलं होतं. पाइप उजवीकडे बसवून ती गप्प राहिली असती तर काम झालं असतं. पण त्या शुक्रवारी पावायी भिंतीपलीकडे साबुदाणा पसरत होती आणि बायकांना सांगत होती, “हात धुऊन या गं. वरच्या मुलखातली माणसं उपासाला खातात हा. एक काळा ठिपका दिसला की पोतं परत.”

तिलकवती कोंबड्यांना कण्या टाकत होती. तिला राहवलं नाही.

“खा गं बायांनो, खा,” ती कोंबड्यांना म्हणाली. “आपली लॉरी येतेय. पाइप उजव्या बाजूला काढलाय, कायद्यानं. रोज सकाळी पांढऱ्या साबुदाण्याला काजळाची तीट लागणार. दृष्ट नको लागायला. आणि धूर कुठं जायचा ते वारा ठरवतो.”

पलीकडचा फावड्यांचा आवाज थांबला. मग पावायीचा आवाज आला, ह्या वेळी सरळ. “तिलका, सिस्टरांनी हेच शिकवलं का गं तुला?”

“नाही अक्का. हे तुमच्या घरात आल्यावर शिकले.”

त्या दिवशी जेवण तिला फार गोड लागलं.

सोमवारी सकाळी दोन गवंडी आले. बोळाच्या तोंडाशी, कारखान्याच्या कोपऱ्यावर, सेंगोडनच्याच हद्दीत त्यांनी खड्डा खणला आणि कमरेएवढा घडीव दगड सिमेंटात उभा केला. सेंगोडन खुर्ची टाकून बसला होता. “खोल घाला रे,” तो गवंड्यांना म्हणत होता. “लॉऱ्या फार येतात हल्ली. माझी भिंत पडायची.”

तिलकवती दारात उभी राहून बघत होती. दगड त्याच्या जागेत होता. ह्याच कोपऱ्यावरून मागचं चाक वळवून अर्धनारी वीस वर्षं लॉरी मागं-मागं आत घालत आला होता, आणि आता नवी बॉडी जुनीपेक्षा लांब होती.

लॉरी बुधवारी दिवस कलताना आली. कपाळावर झेंडूचा हार, दाराला लिंबं-मिरच्या, फळ्यांवर मोर रंगवलेला. बॉडीसाठी पंचांनी दिलेल्या परवानगीची मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणून सेंगोडननं पंचांतल्या वडीलधाऱ्या चिन्नमुत्तू गौंडरांना मुद्दाम चहाला बोलावून ठेवलं होतं. दोघं दगडाजवळ उभे होते.

मादय्यननं लॉरी बोळाच्या पुढे नेली आणि मागं घालायला सुरुवात केली. चाक दगडाला टेकलं. त्यानं पुढं घेतली, पुन्हा वळवली. पुन्हा टेकलं. मग दुसऱ्या बाजूनं प्रयत्न केला, तर केबिन गणपतीच्या पाराला घासायला लागली आणि पारावरची म्हातारी माणसं उठून ओरडायला लागली. हारातली फुलं गळून रस्त्यावर पडली.

“मामा,” सेंगोडन चिन्नमुत्तूंना म्हणाला, “सूर्य बुडेपर्यंत बघायचं. बुडाला की बोळ कुणाचा, ते तुम्हीच सांगायचं. निवाडा तुमचाच.”

म्हाताऱ्यानं पायांकडे बघत मान हलवली.

मादय्यन घामाघूम होऊन खाली उतरला. “अम्मा, मागं घालून जात नाही. तळ्याकडून फेरी मारून आलो तर तोंडानं सरळ आत जाईल. पण…” तो थांबला.

‘पण’ काय, ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. त्या भागात लॉरी कधी तोंड आत करून उभी करत नाहीत. मालक मेला की सुतक फिटेपर्यंत तशी करतात. अर्धनारीच्या वेळी ह्याच बोळात, ह्याच मादय्यननं लॉरीचं तोंड आत वळवलं होतं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला होता.

“आणि अम्मा,” तो आणखी हळू म्हणाला, “तोंड आत झालं की उजवी बाजू आपल्या स्वयंपाकघराकडे येते.”

तिलकवतीनं दगडाकडे पाहिलं. मग दिरांकडे पाहिलं. नंतर ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “घरात विधवा आहे, लॉरीनं दिखावा कशाला करायचा? तोंड आत कर.”

पावायीनं भिंतीआडून “अगं बाई!” म्हणून तोंडावर हात घेतला. मादय्यन तळ्याकडे गेला, फेरी मारून आला आणि लॉरी बोळात शिरली. दगडापासून हातभर अंतर राहिलं. मोर रंगवलेली मागची फळी रस्त्याकडे झाली. सूर्य अजून कारखान्याच्या धुराड्यावर होता.

“उभी आहे मामा?” तिलकवतीनं विचारलं.

“उभी आहे,” म्हातारा म्हणाला. “बोळ तुझा.” आणि चहा न पिताच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मादय्यननं इंजिन सुरू केलं. पहिला धूर काळाभोर निघाला आणि खिडकीतून थेट चुलीवर आला. पिठाच्या भांड्यावर, कालच्या धुतलेल्या पातळावर, भिंतीवरच्या अर्धनारीच्या फोटोवर काजळी बसली. तिलकवती खोकत परसात आली. भिंतीपलीकडे साबुदाणा उन्हात पांढराशुभ्र पसरलेला होता.

“पावायी,” सेंगोडनचा आवाज आला, “काजळाची तीट कुणाला लागली बघ गं.”

कामावरच्या बायका फिदीफिदी हसल्या.

मादय्यन इंजिन बंद करून धावत आला. “अम्मा, मी आत्ता आसारीकडे नेतो. दोन दिवसांत पाइप वर काढून देईल. तो तर आधीच म्हणत होता.”

“आणि दोन रात्री बोळात काय उभं करशील? तुझी सायकल?”

“पंचांना विचारू…”

“परवानगी एकदाच मिळते. पलीकडचे वाट बघत बसलेत, मी विचारायला जाते कधी त्याची.” तिनं पदरानं डोळे पुसले, पदरही काळा झाला. “हवा भरली का पुरती?”

“अर्धी.”

“मग पुन्हा चालू कर. पुरती भर. आणि जोरात दे, त्यांना आवाज तरी जाऊ दे.”

तो हलेना. तशी ती स्वतः खिडकीकडे गेली आणि तिनं आतून कडी घातली. तेव्हा कुठं मादय्यननं जाऊन इंजिन सुरू केलं, आणि तिनं कोंबड्यांना कण्या टाकल्या. लॉरी चालू राहिली. धूर बंद खिडकीवर आपटून छपराच्या कडेनं वर जात राहिला.

संध्याकाळी दिवा लावून तिनं वही काढली. तारीख घातली. मग खालच्या ओळीवर लिहिलं:

चूल मागच्या पडवीत हलवली. तिथे वारा लागतो, तुरीची डाळ शिजायला उशीर झाला.