आवाज माझा, वॉर्ड काकांचा

माझा आवाज रायपुरात पुष्कळांनी ऐकलाय, चेहरा मात्र कोणी ओळखत नाही. तेलीबांध्याच्या एका इमारतीतली लिफ्ट माझ्या आवाजात मजले सांगते. साड्यांच्या सेलची जाहिरात माझी, कोचिंग क्लासची माझी, आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीवर ओला-सुका वेगळा ठेवा म्हणून जी बाई ओरडते, तीही मीच. आई म्हणते, "पोट्टी स्वतःची खोली झाडत नाही अन् साऱ्या शहराले स्वच्छता शिकवून राहिली."

पण खरी कमाई निवडणुकीत. गुढियारीत एका दुकानाच्या वर आमचा स्टुडिओ आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, तरी मालगाडी गेली की रेकॉर्डिंग थांबवावं लागतं. उमेदवाराची माणसं कागद आणतात, मी वाचते, आणि दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेल्या ऑटो पाऱ्यापाऱ्यातून, म्हणजे इथल्या मोहल्ल्यामोहल्ल्यातून, मला घेऊन फिरतात. मी या पक्षाचं बोलले, त्या पक्षाचंही बोलले. लोक विचारतात, लाज नाही वाटत? काहून वाटावी? आचारी दोन्हीकडच्या लग्नात स्वयंपाक करतोच की. फक्त एक नियम आमच्या धंद्यात सगळे पाळतात: एका वॉर्डात एकाच उमेदवाराला आवाज द्यायचा. नाहीतर मतदार म्हणेल, ही बाई काल त्याला निवडून देत होती, आज याला.

मागच्या वेळी हा नियम माझ्याच घरात घुसला.

चौबे कॉलोनीत आमच्या गल्लीच्या टोकाला काका राहतात. नात्याचे नाहीत, बाबांचे मित्र. दोघंही रेल्वेतले. काका मालगाडीवर गार्ड, आणि बाबा स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारे. रिटायर झाल्यापासून काका रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात, चहा पितात, टीव्हीवरच्या बातम्या लावतात आणि मग दोघं तासभर भांडतात. सरकार कोणाचं चांगलं, महागाई कोणामुळे, अँकर एवढा काहून ओरडतो. बाबा दिवसभरात जेवढं बोलतात, ते सगळं त्या तासात. काका आले नाहीत तर बाबा मुके होतील, ही भीती आईला नेहमी असते आणि मलाही.

तर हे काका नालीवरून चिडले. गल्लीतली नाली तुंबलेली, पार्षद, म्हणजे आमचा नगरसेवक, लक्ष देईना, म्हणून काकांनी स्वतःच अपक्ष फॉर्म भरला. चिन्ह मिळालं कुकर. बाबांना इतका आनंद झाला की मला न विचारताच ते बोलून गेले, "प्रचाराची चिंता नाही, पोट्टी आहे ना घरची."

पोट्टीनं तर आठवडाभर आधीच त्याच वॉर्डातल्या पक्षाच्या उमेदवाराचं रेकॉर्डिंग करून दिलं होतं.

मी सांगितलं. काका म्हणाले, "असू दे ना बाई, काम आहे ते." पण कपातला चहा तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी स्टुडिओवाल्या भैयाला म्हटलं, माझा आवाज काढून घे. तो शांतपणे म्हणाला, "दीदी, आप मना करोगी तो कंप्यूटर से बुलवा लेंगे. आजकल वही कर रहे हैं सब." खरंच होतं ते. त्या वर्षी निम्मं काम मशीननं खाल्लं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत माझी.

मग बाबा उठले. म्हणाले, "मी बोलतो त्याच्यासाठी. जिंदगीभर बोललोच ना." फोनवरच रेकॉर्ड केलं, काकांना पाठवलं, काकांनी ऐकून लगेच ऑटोवाल्याला दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा तो भारदस्त आवाज गल्लीत शिरला: "मतदातागण कृपया ध्यान दें. वार्ड के निर्दलीय उम्मीदवार, चुनाव चिन्ह कुकर, थोड़ी ही देर में आपके पारे में पहुँच रहे हैं. आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है."

खेद! आई दारातच बसली हसत. बाबांना कळेचना काय चुकलं. इतकी वर्षं प्रत्येक घोषणेचा शेवट असाच केलेला. त्यांच्या कानाला ते वाक्य नसतं तर घोषणा अर्धीच वाटली असती. काकांच्याही कानाला खटकलं नाही, तेही रेल्वेचेच. पण वॉर्डाच्या कानाला खटकलं. पोरांनी रील बनवली. दुपारपर्यंत मोबाईलवरचा एक न्यूज चॅनल माईक घेऊन गल्लीत हजर, "जीतने से पहले ही माफ़ी" अशी पट्टी खाली सरकत होती. नालीबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही, आणि ती तर त्यांच्या पायाशीच तुंबलेली होती. रील बनवणाऱ्याला लाईक मिळाले, चॅनलला जाहिराती मिळाल्या असतील, बाबांना काय मिळालं? ते घराच्या फाटकापर्यंतही जाईनात. मला फार वाईट वाटलं. मी पैसे घेऊन कोणाचंही बोलते आणि माझं कोणी हसं करत नाही. बाबा एकदाच बोलले, तेही मित्रासाठी, फुकट, मनापासून.

बाबांनी काकांना फोन करून म्हटलं, ते काढून टाक, मी दुसरं करून देतो. काका म्हणाले, "राहू दे. माफी मागणारा एखादा तरी उमेदवार असू दे."

तेवढंच. पण चहाला काही आले नाहीत. प्रचारात गुंतले असतील, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. मग मतदान झालं, निकाल लागला, काका हरले. आमच्या मराठी घरांनी दिली असतील तेवढीच मतं. तरी आले नाहीत. आता तर प्रचारही नव्हता. बाबा संध्याकाळी टीव्ही लावायचे आणि आवाज बंद करून बघत बसायचे.

त्यात जिंकलेल्याच्या, म्हणजे मी ज्याचं बोलले होते त्याच उमेदवाराच्या माणसांचा फोन आला. आभाराची ऑटो फिरवायची आहे, आवाज तोच पाहिजे. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "जा. काम आहे. फक्त काकाच्या घरापाशी भोंगा कमी कराले सांग." मी तसं ऑटोवाल्याला दोनदा बजावलं.

दुपारी ऑटो आमच्या गल्लीत वळली. बाबा आणि मी फाटकात उभे. माझाच आवाज मला नकोसा झाला होता: वॉर्ड के समस्त मतदाताओं का हार्दिक आभार. टोकाला पोचल्यावर ऑटोवाल्यानं सांगितल्याप्रमाणे आवाज उतरवला. तेवढ्यात काका बनियनवरच बाहेर आले आणि हात आडवा करून त्यांनी ऑटो थांबवली. बाबांनी माझं मनगट धरलं.

"क्यों भैया, आवाज क्यों कम किया?" काका म्हणाले. "बढ़ाओ. हमारी बेटी बोल रही है."

त्यानं वाढवला. ज्यानं त्यांना हरवलं त्याचे आभार काका उन्हात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते, आणि मला रडू आवरत नव्हतं.