टिकलीखालचा पांढरा गोल

माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं घर एका भिंतीने जोडलेलं आहे, आणि त्या भिंतीखेरीज आम्हाला जोडणारं दुसरं काही उरलेलं नाही. वाटण्या झाल्या तेव्हा पाण्याच्या टाकीवरून जे बिनसलं ते बिनसलंच. तरी संक्रांतीचं हळदीकुंकू आलं की ती मला बोलावते आणि मी जाते. बोलावलं नाही तर बायका तिला नावं ठेवतील, गेले नाही तर मला ठेवतील. एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत आहे.

यंदा तिने वरवट बकाल गावच्या बाईंनाही बोलावलं होतं. ज्यांच्या मुलाशी माझ्या मुलीचं जुळत आलं होतं, त्या या. मुलगी शेगावला शाळेत शिकवते, मुलगा अकोल्याला नोकरीत. एकमेकांची पसंती झालेली, साखरपुड्याची तारीख काढायची तेवढी राहिलेली. दोघं फोनवर बोलायला लागली होती, आणि फोन ठेवल्यावर माझी पोर, जी एरवी चहाची कपबशीही उचलत नाही, ती उगाच अख्खं घर झाडून काढायची. मला हे लग्न हवं होतं. तिला माझ्याहून जास्त हवं होतं. अशा वेळी जावेला वरवटच्या बाईंचा एवढा पुळका का आला, हे मी ओळखायला पाहिजे होतं. पण माझं सगळं लक्ष साडीच्या निऱ्यांकडे होतं.

कपाळावर टिकली असली की हळदीकुंकू लावणारी बाई टिकलीच्या वर नाहीतर खाली बोट टेकवते आणि पुढच्या बाईकडे सरकते. आमच्या जळगाव जामोदात तरी असंच चालतं. जाऊ माझ्यापाशी आली आणि तिने करंडा खाली ठेवला. "सनाच्या दिवशी तरी खरं कुंकू लाव वं," म्हणाली, आणि नखाने माझी टिकली उचकटली.

खाली पांढरा गोल होता, खडूने काढून आत भरल्यासारखा. मला तो ठाऊक होता. दिवाळीपासून मी तो झाकत होते. गोल वाढेल तशी टिकली वाढवत होते. मसुराएवढीवरून वाटाण्याएवढी, आणि शेवटी तर एवढी मोठी की नवरा म्हणाला, आता नारळ ठेवून पाया पडायचं तेवढं राहिलं.

सतरंजीवरच्या बायका माना उंच करून बघायला लागल्या. जावेने माझी टिकली बोटावर धरून, हळूच, पण दारातल्या बाईलाही ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "कोड हाये काय वं? कधी सांगतलं नाही आमाले."

मी म्हटलं, कोड नाही.

"मंग काय हाये?"

तेच तर मला माहीत नव्हतं. वरवटच्या बाईंनी वाण घेतलं, तीळगूळ रुमालात बांधला आणि माझ्याकडे न बघता गेल्या. गोड बोला म्हणायचं राहूनच गेलं.

खरं म्हणजे डॉक्टर सोडून सगळ्यांचं माझं ऐकून झालं होतं. कुणी तुळशीचा रस सांगितला, कुणी मुळ्याचं बी. बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगणारी एक भेटली. मी बसले, आणि कपाळावर भज्याएवढा फोड घेऊन उठले. घरात म्हणाले, कढईचं तेल उडालं. डॉक्टरकडे मी गेले नव्हते, कारण डॉक्टरने "कोड" म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं.

दोन-चार दिवसांत वरवटहून नवऱ्याला फोन आला. घरात असं काही असेल तर आधी कळायला पाहिजे होतं, असं बाई म्हणाल्या. नवऱ्याने होकाराचं "हाव, हाव" करत फोन ठेवला. आयुष्यभर त्याने दुकानात गिऱ्हाइकाला असंच हाव-हाव केलं आहे. आमचं सायकलचं दुकान आहे. शेवटी मुलगी मला हाताला धरून खामगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार करून कपाळावर निळसर दिवा धरला, हातपाय पाहिले, पाठ पाहिली, आणि विचारलं, टिकली कोणती लावता. मी सांगितलं, साधीच, पाकिटातली. रात्री काढून आरशाला चिकटवते, सकाळी परत लावते. मग गोंद जात नाही का, त्यांनी विचारलं. जातो ना, मी म्हटलं, आणि माझी काटकसर जरा अभिमानानेच सांगितली: गोंद गेला की दुकानातल्या पंक्चरच्या सोल्यूशनचा एक ठिपका लावते. दिवसभर घाम आला तरी हलत नाही.

बाईंचं लिहिणं थांबलं. मुलीने ओढणीत तोंड घातलं.

"कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अशा चिकटवायच्या पदार्थांतली काही रसायनं त्या पेशी मारतात. पाकिटातल्या टिकलीच्या गोंदानेही कुणाकुणाला असा डाग पडतो. तुम्ही तर टायरचंच लावलं."

म्हणजे टिकली बंद, सोल्यूशन बंद, सध्या कुंकूही नको. लावायला मलम, आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. रंग कडेकडेने परत येईल, सावकाश येईल, कदाचित पूर्ण येणारही नाही. आणि कधीकधी असं होतं, त्यांनी स्पष्ट सांगितलं, की सुरुवात गोंदाने होते आणि मग जिथे काही लावलेलंच नाही तिथेही डाग उठतात. तसं झालं तर ते कोडच, त्यावरही उपचार आहेत. कोड शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. घरात एखाद्याला असलं तर दुसऱ्याला होण्याची शक्यता थोडी वाढते, पण बहुतेकांच्या घरात आधी कुणालाच नसतं.

मी यातलं मला हवं तेवढंच ऐकलं. म्हटलं, मग तेवढं लिहून द्या: मला कोड नाही आणि माझ्या मुलीला होणार नाही.

"तुमच्या कपाळाला आज काय झालंय ते लिहीन. मुलीला पुढे काय होणार नाही, हे जगात कुणीच लिहून देऊ शकत नाही."

परतीच्या एसटीत मी नांदुऱ्यापर्यंत जावेला शिव्या घातल्या. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, कोडच निघालं असतं तर तू काय केलं असतं?" मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नको. ती म्हणाली, "मले त्या घरात जन्म काढायचा हाये. मलेच उद्या डाग निघाला तर ते काय करतील, ते पाहू दे मले आता." मला तिचा राग आला. मला तिचं लग्न जुळवायचं होतं, आणि ही परीक्षा घ्यायला निघाली होती.

मी बिनटिकलीची फिरू लागले. बाजारात बायका माझ्या कपाळाकडे बघायच्या आणि मग मान वळवून सायकलच्या दुकानाकडे, नवरा जागेवर आहे ना ते बघायला. तोही बिचारा दुकानाच्या आत न बसता बाहेर स्टुलावर बसू लागला.

रविवारी वरवटचे दोघं नवरा-बायको आले. मी पोहे केले. पोहे ठेवते न ठेवते तोच जाऊ रिकामी वाटी घेऊन साखर मागायला आली. टाकीचं भांडण झाल्यापासून तिने आमच्याकडून मीठसुद्धा मागितलं नव्हतं. ती दारातच टेकली.

मी डॉक्टरीणबाईंचा कागद पुढे केला. वरवटच्या बाईंनी तो वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. "याच्यात पोरीचं काहीच नाही. तिले पुढं होनार नाही, असं लिहून आना. आमचं दुसरं काही म्हननं नाही."

मी शांत राहायचं ठरवून बसले होते. ते जमलं नाही.

"तुमच्या पोराले टक्कल पडनार नाही, असं तुमी लिहून आना," मी म्हणाले. "मंग मीबी आनते."

त्यांच्या नवऱ्याने टोपी सारखी केली. माझा नवरा पोह्यांतले शेंगदाणे शोधायला लागला. वरवटच्या बाई लाल झाल्या. म्हणाल्या, इथं सरळ बोलायची पद्धतच दिसत नाही. मी म्हटलं, सरळ बोलणारे दुसऱ्याच्या टिकल्या उचकटून सोयरिकी पाहत नाहीत. हे दाराकडे बघून म्हटलं. जाऊ वाटीच्या बुडाकडे बघत होती.

मुलगी तोवर उभीच होती. तिने वरवटच्या बाईंना अगदी हळू विचारलं, "तुमी हे मागून राह्यले, हे अकोल्याले त्यांले माहीत हाये काय?"

"त्यानंच सांगतलं मागाले."

मी मुलीकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

"मंग राहू द्या," मुलगी म्हणाली.

बाई म्हणाल्या, एवढ्याशा गोष्टीवरून. मुलीने परत तेच म्हटलं, तेवढ्याच आवाजात. मग ती माणसं उठली. नवरा त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेला. जाताना मी त्याला म्हटलं, हाव-हाव करू नको. जाऊ वाटी घेऊन उठली. पोरीच्या जातीला एवढा ताठा बरा नाही, म्हणाली. मी तिला साखर दिली नाही.

थोड्या वेळाने मुलीचा फोन वाजला. ती तो घेऊन अंगणात गेली. दार उघडंच होतं. तिचा आवाज चढला नाही. "लिहून तुमीच मागितलं ना," एवढंच मला ऐकू आलं.

आत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. पाहुण्यांच्या पोह्यांची एक बशी तशीच पडली होती. ती तिने उचलली, उभ्यानेच चमच्याने खायला लागली, आणि मध्येच म्हणाली, "मीठ कमी हाये याच्यात."

मीठ बरोबर होतं. मी आतून मीठ आणून दिलं.