शेजारच्या खाटेवरची अंडी

मेहकरच्या दवाखान्यात ज्या सकाळी माझी गर्भपिशवी काढली, त्याच सकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईचीही काढली. ती सुलतानपूरच्या बांगडीवाल्यांची सून, मी जानेफळची अंगणवाडीसेविका. डॉक्टर तेच, पोटावरची चीरही तेवढीच. पण दुसऱ्या दिवसापासून तिची सासू तिला उकडलेलं अंडं सोलून भरवायला लागली आणि माझी सासू मला भाताची पेज पाजायला लागली.

"अंड्यानं टाके पिकतात. दाळबी नको, दूधबी नको," सासूबाईंनी बजावलं होतं.

मी पेज प्यायले. गावातल्या गरोदर बायांना अंडी खा, डाळ खा म्हणून दटावणारी मीच. लेकरांना काट्यावर तोलणारी मीच. स्वतः मात्र सोमवार, गुरुवार, चतुर्थी धरते आणि बाकीच्या दिवशी सगळ्यांची जेवणं झाली की उरेल ते खाते. अंडी घरात आलीच तर पुरुषांच्या ताटात जातात. मला कधी कोणी तोललं नव्हतं.

त्या बाईला पाहून माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिसऱ्या दिवशी ती भिंत धरून संडासापर्यंत चालत गेली, मला उठून बसलं तरी घेरी यायची. तिची सासू तिच्या ओठाला लागलेला पिवळा बलक बोटानं पुसायची, तेव्हा मी तोंड भिंतीकडे फिरवायची. मनात म्हणायची, खा, खा अजून, पिकू देत तुझे टाके. आपण काय चिंततोय हे कळत होतं, तरी म्हणायची.

सहाव्या दिवशी नर्सनं माझी पट्टी काढली आणि तशीच डॉक्टरांना बोलवायला गेली. टाके माझेच उसवले होते.

"अंगात काही नाहीच तुमच्या," डॉक्टर म्हणाले. "रक्तात प्रथिनं कमी आहेत, मग जखम कशानं भरेल? अंडी, डाळ, दूध, सगळं खा. नाही भरली तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल."

सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही पेजच आली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारणीला सुटी मिळाली. निघताना तिच्या सासूनं माझ्या उशाशी दोन अंडी ठेवली. "खा बेटी. यानं काही पिकत नाही." माझी नजर तिनं इतके दिवस पाहिली होती तर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, सोलून द्या," मी सासूबाईंना म्हटलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांच्याकडे मी पहिल्यांदाच काही मागत होते.

त्यांनी सावकाश एकेक टरफल काढलं. दोन्ही अंडी सोलून झाली तरी त्या हातातच धरून बसल्या.

"माह्या पोटाचं आपरेशन झालं तवा मलेबी पेजच देल्ली होती," त्या म्हणाल्या. "तीन महिने खाटीवर होती मी. मले नाही कोनी अंडं देल्लं."

बोलताना त्या माझ्याकडे नाही, अंड्यांकडे बघत होत्या. ती नजर मी लगेच ओळखली. आठ दिवस ती माझीच होती.

एक अंडं त्यांना द्यायला हवं होतं. मी दोन्ही खाल्ली.